मानेच्या नसेत ब्लॉकेज आणि सोळा तासांचा विमानप्रवास: बाबांना पाठवावं का?

गोदातीर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय कुणी नीट उत्तर देऊ शकणार नाही म्हणून सगळंच लिहितेय.

बाबा ७३ वर्षांचे. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, शुगर काठावर, सिगारेट निवृत्तीनंतर सुटली. भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला दुसरी मुलगी झाली, म्हणून आई-बाबांना तीन महिन्यांसाठी बोलावतोय. जाण्याआधी एकदा सगळं बघून घेऊ म्हणून लॅबचं मोठं पॅकेज केलं, त्यात मानेचा डॉपलरही (नसांतला रक्ताचा ओघ बघणारी सोनोग्राफी) होता. रिपोर्टात उजव्या बाजूच्या आतल्या कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या नसेत, ६० ते ६५ टक्के अडथळा, पीएसव्ही (रक्ताचा वेग) १९८. डावीकडे ५० टक्क्यांच्या आत. बाबांना स्वतःला काहीच होत नाही. रोज सकाळी गंगापूर रोडला फिरायला जातात आणि येताना भाजी घेऊन येतात.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी आणि कोलेस्टेरॉलची अशा दोन गोळ्या सुरू केल्यात, आणि न्यूरोला दाखवा म्हणालेत. ती वेळ पुढच्या आठवड्यात मिळालीय. तोवर घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात, "मेंदूला जाणारी नस निम्मी बंद, त्यात विमानात ऑक्सिजन कमी, म्हणजे झटका हवेतच येणार." भाऊ म्हणतो, "पाठवून दे, इथे चांगल्या डॉक्टरला दाखवू." तिकीट मुंबई ते न्यूयॉर्क विनाथांबा, पंधरा-सोळा तासांचं. आई काहीच बोलत नाही, फक्त बॅगेत भरलेली मेतकुटाची पाकिटं काढते आणि परत भरते.

डॉक्टरांना नेमकं काय विचारू? कुणी असं माणूस नेलंय का?

पुणेरी_चष्मा
आधी काकांना विमानबंदी करा. घरातल्या सगळ्यांचं बीपी उतरेल.

अटकेपार
माझ्या सासऱ्यांना ८० टक्के आहे. कॅनडाला दर वर्षी जातात, खिडकीशी बसून व्यवस्थित वाइन पिऊन झोपतात. काही होत नाही. फार विचार करू नका, जाऊ द्या.

शल्यक
गोदातीर ताई, मी रक्तवाहिन्यांचा सर्जन, आता निवृत्त. इथे बसून मी तुमच्या बाबांना तपासू शकत नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या न्यूरोचा. पण प्रश्न चुकीच्या ठिकाणी अडकलाय असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

घरात सगळेजण टक्क्यांवर भांडत असणार. टक्का महत्त्वाचा आहेच, पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: या नसेने गेल्या सहा महिन्यांत काही खूण दाखवलीय का? म्हणजे एका बाजूचा हात किंवा पाय काही मिनिटं लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, किंवा एका डोळ्यासमोर वरून पडदा उतरल्यासारखं होऊन दहा मिनिटांत परत साफ दिसणं. मेंदूची लक्षणं विरुद्ध बाजूच्या हातापायात दिसतात, डोळ्याची मात्र त्याच बाजूला. म्हणजे तुमच्या बाबांच्या बाबतीत उजवा डोळा आणि डावा हात. हे नीट विचारा. नुसतं "काही त्रास होतो का?" विचारलंत तर आपल्याकडचे वडील "नाही" म्हणतात. "कधी हातातून कप निसटला का, कधी मिनिटभर शब्द सापडेना असं झालं का," असं विचारा, आणि आईंना वेगळं विचारा.

खूण दाखवलेली नस आणि गप्प असलेली नस यांचा हिशोब पूर्ण वेगळा. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ज्यांना अलीकडेच लक्षणं येऊन गेली होती आणि ज्यांची नस ७० ते ९९ टक्के अरुंद होती, त्यांच्यापैकी फक्त औषधांवर असलेल्या २६ टक्के लोकांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक झाला. ऑपरेशन केलेल्यांत ९ टक्के. लक्षणंच नसलेल्या माणसाला आजच्या औषधांवर हा धोका वर्षाला एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो. विमानात बसणारा माणूस या दोनपैकी कुठल्या गटातला, हे ठरल्याशिवाय पुढचं बोलणं व्यर्थ.

आता काकांचा मुद्दा. विमान ३५-४० हजार फुटांवर उडतं, पण आत हवेचा दाब वाढवलेला असतो. नियमाप्रमाणे केबिनमधला दाब ८,००० फूट उंचीवर असतो त्याहून कमी होऊ देत नाहीत, सहसा ६ ते ८ हजारांच्या दरम्यान ठेवतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये साधारण ६,०००. आपलं कळसूबाई ५,४०० फूट आहे. म्हणजे बाबा कळसूबाईच्याही वर थोडं, पण चढण न चढता खुर्चीत बसून राहणार. बोटाला लावायच्या यंत्रावर ९७-९८ दिसणारा आकडा तिथे ९० ते ९४ पर्यंत येतो. तेवढ्याने निरोगी फुप्फुसाच्या माणसाला फारसं कळतही नाही, आणि मेंदूच्या वाहिन्या थोड्या रुंदावून भरपाई करतात.

स्ट्रोक मानेच्या नसेतून होतो तो बहुतेक वेळा नसेत साचलेल्या चरबीच्या थराचा एखादा तुकडा किंवा त्यावर जमलेली गुठळी सुटून वर गेल्याने. ऑक्सिजन किंचित कमी झाला म्हणून तुकडा सुटत नाही. रक्ताचा ओघच अपुरा पडून होणारे स्ट्रोक कमी, आणि ते एक बाजू पूर्ण बंद, दुसरी जेमतेम चालू अशा माणसांत. मेंदूच्या तळाशी वाहिन्यांचं एक कडं असतं, ते एका बाजूची तूट दुसरीकडून भागवतं. काहींत ते कडं जन्मतःच अपुरं असतं. न्यूरोला विचारायचा दुसरा प्रश्न हाच: सीटी अँजिओची (नसांचं चित्र दाखवणाऱ्या स्कॅनची) गरज आहे का, आणि कडं कसं आहे?

पीएसव्ही म्हणजे रक्ताचा सर्वाधिक वेग, सेंटिमीटर प्रति सेकंद. १२५ ते २३० म्हणजे साधारण ५० ते ६९ टक्के, २३० च्या वर ७० आणि पुढे. तुमचा १९८ हा रिपोर्टातल्या टक्क्यांशी जुळतो.

गोदातीर
डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. कप निसटण्याचं आजच विचारते. आईला वेगळं विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं.

शल्यक
@अटकेपार, तुमच्या सासऱ्यांना काही होत नाही याचा आनंद आहे. पण एका माणसाचं सुखरूप पोचणं हा पुरावा होत नाही. ते लक्षणं नसलेल्या गटातले दिसतात. आणि वाइनबद्दल: जर्मनीत २०२४ साली तरुण, निरोगी लोकांना विमानाइतक्या कमी दाबाच्या खोलीत झोपवून पाहिलं. दारू घेऊन झोपलेल्यांचा ऑक्सिजन ८५ च्या आसपास आला आणि नाडी ८८ पर्यंत चढली. ती चाळिशीच्या आतली पोरं होती. सासऱ्यांचं वय तुम्हाला माहीत.

अटकेपार
वाइनपुरतं सासूबाईंना कळवतो. त्यांना हेच हवं होतं.

कऱ्हाकाठ
आमच्या घरचा अनुभव लिहिते. दोन वर्षांपूर्वी ह्यांना संध्याकाळी टीव्ही बघताना डाव्या डोळ्यासमोर पडदा आला. चष्मा पुसला, डोळा चोळला, पंधरा मिनिटांत सगळं नीट. दुसऱ्या दिवशी बंगळुरूचं विमान होतं, पुतण्याचं लग्न. हे म्हणाले, मोतीबिंदू पिकला असेल, आल्यावर दाखवू. मुलगी फिजिओ आहे, तिने फोनवर ऐकलं आणि सरळ सांगितलं की लग्न होईल तुमच्याशिवाय. रात्रीच दवाखान्यात नेलं. डावीकडे ८५ टक्के निघालं. आठ दिवसांच्या आत ऑपरेशन झालं, मान उघडून नसेतला थर काढतात ते.

त्यांच्या गळ्यावर कानाखालून कॉलरपर्यंत रेघ आहे. दाढी करताना त्या बाजूचा गाल अजून बधिर लागतो म्हणतात.

ऑपरेशननंतर सर्जनने महिनाभर विमान नको सांगितलं होतं. मला वाटलं टाक्यांमुळे. ते म्हणाले, टाक्यांचं कारण छोटं, खरी काळजी बीपीची.

शल्यक
काकू, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. असं काही झाल्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे, मग पहिले दोन आठवडे. ऑपरेशन करायचं असेल तर ते त्या दोन आठवड्यांत करण्यात सर्वाधिक फायदा. म्हणून लक्षणं आलेल्या माणसाला "तिकडे मुलाकडे जाऊन दाखवू" म्हणत विमानात बसवणं ही या सगळ्यातली सर्वांत वाईट कल्पना.

बीपीचं कारण असं की वर्षानुवर्षं कमी रक्ताची सवय झालेल्या मेंदूच्या भागाला नस मोकळी झाल्यावर एकदम जोरात रक्त मिळतं. बीपी आटोक्यात नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत प्रचंड डोकेदुखी, फिट, क्वचित रक्तस्राव होऊ शकतो. हे आकाशात व्हायला नको. शिवाय मानेत रक्त साकळून सूज आली तर श्वासनलिका दाबली जाते, पण ती भीती पहिल्या एक-दोन दिवसांतली. प्रत्येक सर्जन मुदत थोडी वेगळी सांगतो, तुमच्या सर्जनची पाळायची.

विमान कंपन्यांचेही दंडक आहेत. त्यांच्या जागतिक संघटनेच्या, आयाटाच्या, वैद्यकीय पुस्तिकेत मिनी स्ट्रोकनंतर (लक्षणं थोड्या वेळात आपोआप ओसरतात तो) निदान दोन दिवस आणि तपासण्या पूर्ण, मोठ्या स्ट्रोकनंतर पहिले चार दिवस प्रवास नको, पुढे दोन आठवड्यांपर्यंत स्थिर असल्यास सोबत नर्स, असं साधारण धोरण आहे. हे किमान समजायचं. कंपनीने बसू दिलं म्हणजे बसावं असं नाही.

निसर्गोपचार_प्रेमी
लसूण, जवस आणि रोज मानेला कोमट तिळाच्या तेलाचा मसाज. माझ्या मेव्हण्याचं ब्लॉकेज गेलं. विमानतळावर मसाजच्या खुर्च्याही असतात, उतरल्यावर मान मोकळी करून घ्यावी.

शल्यक
लसूण आणि जवस भाजी-चटणीत खुशाल खा. मसाज नको! मानेच्या पुढच्या भागाला दाबून चोळणं अरुंद कॅरोटिडच्या माणसाने कटाक्षाने टाळायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न्हाव्याकडे हनुवटी धरून कडकड करून मान मोडून घेतात ते बंद. लांबच्या प्रवासाने मान अवघडते आणि माणूस दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन बसतो. झटक्याने नसेचं आतलं अस्तर फाटू शकतं, तरुणांचंही.

मेव्हण्यांचा आधीचा आणि नंतरचा डॉपलर एकाच केंद्रात, एकाच यंत्रावर झाला होता का, तेवढं विचारा. करणारा हात बदलला की टक्का इकडेतिकडे होतो.

जेटलॅग_मावशी
वीसेक वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, आखात आणि युरोप मार्गांवर. डॉक्टरांनी मेंदूचं सांगितलं, मी विमानाचं सांगते.

विमानात आजारी पडणाऱ्यांत सर्वांत जास्त संख्या चक्कर येऊन पडणाऱ्यांची. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१३ साली याची मोजदाद छापली होती: साधारण ६०० उड्डाणांमागे एक वैद्यकीय प्रसंग, त्यातले ३७ टक्के चक्कर किंवा चक्कर आल्यासारखं होणं. स्ट्रोकचा संशय दोनच टक्के. आम्हाला ट्रेनिंगला आकडे कुणी दिले नव्हते, पण डोळ्यांनी हेच बघितलं. रात्रीचे दोन-तीन वाजलेले, दिवे मंद, सहा तास न उठलेले आजोबा एकदम उठतात, टॉयलेटच्या दारापर्यंत पोचतात आणि तिथेच खाली. दाराची कडी आतून लागलेली असली तर आम्ही बाहेरून उघडायचो, पण माणूस दाराला टेकून पडलेला असला की दार सरकत नाही.

आपल्या ज्येष्ठांचं एक ठरलेलं असतं. "सारखं उठायला नको" म्हणून पाणी प्यायचं नाही आणि बीपीची लघवीची गोळी त्या दिवशी गुपचूप खायची नाही. मधल्या सीटवर बसलेल्या आजी तर बारा तास घोटभर पाण्यावर काढतात, कारण शेजारच्या परक्या पुरुषाला उठवायचं कसं! केबिनची हवा प्रचंड कोरडी, आर्द्रता दहा-वीस टक्के. आइल सीट घ्या, पैसे पडले तरी चालेल. उठताना आधी पाय हलवायचे, मिनिटभर बसून मग उभं राहायचं.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. विमानात खरंच स्ट्रोक झाला तर आम्ही डॉक्टर आहेत का म्हणून पुकारतो, कॅप्टन जमिनीवरच्या वैद्यकीय केंद्राशी बोलतो, आणि विमान वळवायचं की नाही हा निर्णय कॅप्टनचा. युरोपवर असलो तर अर्ध्या-पाऊण तासात उतरता येतं. अटलांटिकच्या मध्यावर किंवा ध्रुवाकडच्या मार्गावर दोन-तीन तासही लागतात. पाय ठेवायला जमीन तर हवी. त्यामुळे आईंना सांगून ठेवा की काही वेगळं वाटलं तर घड्याळ बघायचं.

शल्यक
मावशी, घड्याळाचं बोललात ते मोलाचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते तास माणूस शेवटचा ठीक कधी दिसला तिथून मोजतात. झोपेतून उठल्यावर हात लुळा दिसला तर झोपण्यापूर्वीची वेळ धरतात. शेवटचं बोलणं कधी झालं हे आई सांगू शकल्या तर तिकडच्या डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

चक्करेबद्दल भर घालतो. सत्तरीच्या पुरुषाला बीपीच्या गोळीबरोबर बऱ्याचदा प्रोस्टेटची टॅमसुलोसिन चालू असते. या दोन्ही मिळून उभं राहिल्यावर बीपी पाडतात. ती गोळी कधी घ्यायची हे प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारा. अरुंद नस असलेल्या माणसात एकदम पडलेलं बीपी हे कमी ऑक्सिजनपेक्षा जास्त त्रासाचं. लघवीची गोळी वगळायची की नाही हेही विचारूनच.

गोळीवाला
सांगलीत मेडिकल आहे माझं. परदेशी निघालेल्या आई-बापांची यादी दर महिन्याला बघतोय. गोळ्या चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत म्हणजे नाहीत. बॅग दुबईला आणि माणूस शिकागोला, असं झालेलं आहे. सगळ्या हँडबॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड नको. क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन असं लिहिलेलं तिकडच्या फार्मसीला कळतं, आपला ब्रँड तिकडे कुणाला ठाऊक? अमेरिकेत साधारण तीन महिन्यांचा साठा चालतो. आखातातून विमान बदलणार असाल तर ट्रॅमाडॉल, कोडीनवाल्या गोळ्या सोबत घेऊ नका, तिथले कायदे कडक.

दुसरं. जायच्या आधी सगळे दात करून घेतात, कारण तिकडे दातांचा खर्च झेपत नाही. दातवाले पाच दिवस रक्त पातळ करणारी गोळी बंद करा म्हणतात. पेशंट करतो बंद, आणि बॅगा भरण्याच्या गडबडीत परत चालू करायची राहते. आमच्याकडे पाकीट घ्यायला आला नाही की मी फोन करतो.

शल्यक
साहेब, तुमच्यासारखे दुकानदार असतील तर आम्ही निवांत. ताई, अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल दाढ काढायची म्हणून परस्पर बंद करायची नाही. बहुतेक साध्या कामांना ती थांबवावी लागत नाही. दातांच्या डॉक्टरांनी आणि न्यूरोने आपसात बोलावं.

वेळेचा घोळही सगळे घालतात. प्रवासात भारतीय वेळेप्रमाणे गोळ्या घ्या, पोचल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिकडची सकाळ. रक्ताच्या गोळीचा परिणाम प्लेटलेट्सवर आठवडाभर टिकतो, काही तास इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. बीपीची गोळी मात्र "चुकली असेल" म्हणून दोनदा घेऊ नका.

एडिसनकर
गोदातीर, भाऊ माझ्याच भागातला दिसतोय. विम्याकडे वळा. मुलं "व्हिजिटर्स इन्शुरन्स" घेतात, सर्वांत स्वस्त बघून. दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम, ती इथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे चणे-फुटाणे. दुसरा व्यापक प्रकार. त्यातही आधीपासूनचा आजार वगळलेला असतो, फक्त त्याचा "अचानक उद्भव" झाला तर ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात, आणि ही मर्यादा वयाच्या सत्तरीनंतर बरीच खाली येते. डॉपलर आता कागदावर आहे, म्हणजे तो आधीपासूनचा आजार झाला. लपवू नका. दावा आला की ते भारतातले रिपोर्ट मागतात. पॉलिसीतलं "अचानक उद्भव" या शब्दाखालचं बारीक अक्षर भावाला शांतपणे वाचायला सांगा. नियमित तपासणी, डॉपलर परत करणं, यातलं काहीही त्यात बसत नाही. त्यामुळे भावाचं "इथे चांगल्या डॉक्टरला दाखवू" हे विम्याच्या बाहेर, खिशातून आहे. भारतात दाखवूनच निघा.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागा. बाबांना चालता येत असलं तरी. इमिग्रेशनच्या रांगेत दीड-दोन तास उभं राहणं हे विमानापेक्षा कठीण असतं.

पुणेरी_चष्मा
व्हीलचेअरला बाबा तयार होणार का? आमच्या तीर्थरूपांनी ती ढकलत नेली होती, वर हँडबॅगा ठेवून.

मावळतीकर
मोज्यांबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या मामींना डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले होते विमानासाठी.

शल्यक
ते पायाच्या शिरांसाठी. चार तासांहून लांब प्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, ती सुटली तर फुप्फुसात जाते. मानेच्या धमनीशी थेट संबंध नाही. डॉक्टरांनी सांगितले तर घाला, मापाचेच. धमन्यांचा आजार असलेल्या माणसाच्या पायातही रक्त कमी असू शकतं, मग घट्ट मोजे उलट बाधतात. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

गोदातीर
न्यूरोकडे जाऊन आलो. लिहिते.

बाबांना कप-बिप काही नाही. पण आईला वेगळं विचारलं तेव्हा ती म्हणाली की दिवाळीत एकदा रांगोळीचा डबा देताना त्यांच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मी घाबरलेच. न्यूरोने खोदून खोदून विचारलं: किती वेळ, हात उचलता येत होता का, झोपून उठल्यावर का. रात्री हातावर झोपले होते आणि मान वळवली की मुंग्या वाढायच्या, बोटं सगळी हलत होती. ते म्हणाले हे मणक्याचं दिसतं, पण तरी खात्री करू. एमआरआय आणि सीटी अँजिओ केला. मेंदूत जुना-नवा कसलाही डाग नाही, कडं पूर्ण, उजवीकडे ६० टक्के.

ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. दोन्ही गोळ्या चालू, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली आणायचं, बीपी सध्या १५० च्या वर आहे ते आधी बसवायचं. त्यासाठी प्रवास सहा आठवडे पुढे ढकलायला सांगितला. म्हणजे विमान अडलंय ते नसेमुळे नाही, बीपीमुळे! फिटनेस सर्टिफिकेट निघायच्या आधी दहा दिवसांत देणार. ऑक्सिजन लागणार नाही, विमान कंपनीचा मेडिफ फॉर्मही (आजारी प्रवाशाची वैद्यकीय माहिती देणारा) सध्याच्या स्थितीत लागू नये म्हणाले.

काकांना कळसूबाईचं सांगितलं. ते म्हणाले, "मी कळसूबाईला कधी गेलो नाही, तुझे बाबा पण गेले नाहीत."

एडिसनकर
मेडिफ लागत नसला तरी सर्टिफिकेटची प्रत दोघांकडे ठेवा. माझ्या आईला एका कंपनीच्या काउंटरवर गोळ्यांचा डबा बघून अडवलं होतं. तासभर फोनाफोनी, शेवटी डॉक्टरांचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं तेव्हा सोडलं. फॉर्म खरंच लागत असेल तर बहुतेक कंपन्या तो किमान ४८ तास आधी मागतात, ऐनवेळी काउंटरवर काही होत नाही.

भटकंती६४
थोडं अवांतर. मला स्वतःला डावीकडे ७० टक्के आहे, लक्षणं नाहीत, गोळ्या चालू. ग्रुपबरोबर लेहचं बुकिंग आहे, दिल्लीहून थेट विमान. तुमचं वाचून विमान सोपं वाटतंय, म्हणजे लेहही चालेल ना?

शल्यक
नाही, हे अवांतर नाही, आणि उलटंच आहे. विमानात तुम्ही काही तास ६-८ हजार फुटांवर बसून असता. लेह ३,५०० मीटर, साडेअकरा हजार फूट. तिथे उतरल्यावर तुम्ही चार-सहा दिवस राहणार, रात्री झोपेत ऑक्सिजन आणखी खाली, दिवसा खार्दुंगला किंवा पँगाँगला आणखी वर. बीपी पहिल्या दिवसांत चढतं, भूक-तहान कमी होते, रक्त दाट होतं. केदारनाथही ३,५८३ मीटर. हेलिकॉप्टरने गेलात तरी उंची तीच, फक्त अंगाला सवय व्हायला वेळ मिळत नाही. ७० टक्के अरुंद नस असताना तुमच्या न्यूरोशी बोलल्याशिवाय जाऊ नका. मी असतो तर श्रीनगर बघितलं असतं, ते १,६०० मीटरच्या आत आहे.

भटकंती६४
ग्रुपला कसं सांगू? पैसे भरलेत.

कऱ्हाकाठ
भाऊ, आमच्या मुलीने सांगितलं तसं सांगा. लेह होईल तुमच्याशिवाय.

मावळतीकर
मग साठीच्या पुढच्या सगळ्यांनी विमानाआधी मानेचा डॉपलर करून घ्यावा का? आमच्या लॅबचं दिवाळी पॅकेज आहे, त्यात डॉपलर फुकट.

शल्यक
करू नये. लक्षणं नसलेल्या सर्वसामान्य माणसाने सरसकट हा डॉपलर करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य समितीने २०१४ ला सांगितलं आणि २०२१ ला परत सांगितलं. कारण अरुंद नस सापडणारे थोडे, यंत्र नसलेलं दाखवतं असे बरेच, आणि मग एकातून दुसरी तपासणी, त्यातून कधी नको असलेलं ऑपरेशन. ऑपरेशनच्या टेबलावरही स्ट्रोक होतो. ज्यांना लक्षणं येऊन गेली किंवा डॉक्टरांना तपासताना कारण दिसलं, त्यांनी करायचा.

गोदातीर ताईंच्या बाबांना फायदा झाला तो बीपी आणि कोलेस्टेरॉलकडे लक्ष गेलं म्हणून. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजणं पुरलं असतं, पण त्याचं पॅकेज कुणी काढत नाही.

गोळीवाला
काढतो की. दुकानात या, बीपी फुकट मोजून देतो. चहा तुमचा.